‘व्हॅनिशिंग एशिया’: पन्नास वर्षांची भटकंती, तीन खंड

तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्यांमध्ये केव्हिन केली यांचे नाव मोठे आहे. १९९३ साली सुरू झालेल्या ‘वायर्ड’ मासिकाचे ते संस्थापक कार्यकारी संपादक. मात्र संगणकाच्या जगात शिरण्याच्या कितीतरी आधी, महाविद्यालय अर्धवट सोडून, खिशात मोजके पैसे आणि पिशवीत फिल्मचे रोल घेऊन ते आशियात फिरत होते, आणि लेखक म्हणून नाव झाल्यावरही ही भटकंती थांबली नाही. १९७०च्या दशकापासून जपलेल्या या छंदाचा ऐवज म्हणजे ‘व्हॅनिशिंग एशिया’ हा छायाचित्रांचा संच.

पश्चिम, मध्य आणि पूर्व आशिया असे तीन खंड, हजाराच्या आसपास पाने आणि सुमारे नऊ हजार छायाचित्रे असा हा पसारा आहे. सरासरी काढली तर पानाला नऊ चित्रे येतात, आणि संचाचा गुण व दोष दोन्ही या हिशेबात आहेत. एकेक चित्र भिंतीवर टांगल्यासारखे निवांत पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना येथे दाटी वाटेल; काही चांगली चित्रे केवळ लहान छापल्यामुळे वाया गेली आहेत, असे मलाही वाटले. परंतु पोशाख, पागोटी, घरांची बांधणी, सणांची सजावट असे तपशील शेजारी शेजारी मांडले जातात, तेव्हा तुर्कस्तानपासून जपानपर्यंत माणसे एकच गरज किती तऱ्हांनी भागवतात हे न सांगता कळते. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांच्या आणि दिव्यांच्या कपाटापुढे रेंगाळणाऱ्यांना हे सुख ठाऊक असेल. तेथेही एकाच माणसाने हौसेने जमवलेल्या वस्तू आहेत.

केली यांचे ‘एशिया ग्रेस’ हे आधीचे छायाचित्रांचे पुस्तक २००२ साली ताशेन या प्रकाशनसंस्थेने काढले होते आणि त्यात चित्रांखाली ओळच नव्हती. नव्या संचात ओळी आहेत, पण अगदी त्रोटक. चित्रातल्या वस्तूचे नाव कळते. ती कोण बनवते, कशासाठी वापरते, हे बहुधा कळत नाही. एरवी सविस्तर लिहिणाऱ्या लेखकाने येथे एवढा हात का आखडता घेतला, हे समजत नाही.

प्रकाशनाची बाजू मात्र दाद देण्याजोगी आहे. एका निर्मात्याला निष्ठावान असे हजार चाहते पुरेसे असतात, हा विचार केली यांनी २००८ साली एका लेखात मांडला होता, आणि हा संच काढताना त्यांनी तोच वापरला. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर वाचकांकडून आधी पैसे घेऊन त्यांनी तो छापला. मराठी ग्रंथव्यवहाराला हे नवे नाही. आपल्याकडे जाडजूड ग्रंथ आणि कोश प्रकाशनपूर्व नोंदणीच्या बळावरच निघत आले आहेत.

माझी खरी तक्रार निवडीबद्दल आहे. तंत्रज्ञानाबद्दल इतका आशावादी असलेला हा लेखक कॅमेरा हाती घेतला की आधुनिक वस्तूंकडे जाणूनबुजून पाठ फिरवतो. जे लोपत चालले आहे तेच टिपायचे, ही भूमिका समजण्यासारखी आहे. पण परंपरा लोपताना तिच्यात काय शिरते, हे त्यामुळे दिसतच नाही. पंढरीच्या वाटेवर इरल्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आणि वारी चालूच राहिली. अशा सरमिसळीला या संचात जागा नाही.

किंमत भरभक्कम असून परदेशातून मागवल्यास टपालखर्चही बराच येतो. आडवे पडून चाळण्याचे हे पुस्तक नव्हे, त्याला टेबल लागते. वस्त्रे, वास्तू किंवा लोकजीवन यांचा अभ्यास करणाऱ्यांनी आणि वास्तुकला व उपयोजित कलेच्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी हा संच अवश्य घ्यावा. केवळ छायाचित्रणाचा आनंद हवा असेल, तर आधी कोणाकडे असल्यास चाळून पाहावा आणि मगच पैसे मोजावेत.