शेव्हेल जोडताना: रिस्टोरेशनचं पुस्तक घ्यायचं की फॅक्टरीचं असेंब्ली मॅन्युअल?

डिट्रॉईटच्या आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी कुणी ना कुणी दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावरची ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, बघायला जातं आणि डोक्यात किडा घेऊन परत येतं. माझंही तेच झालं आणि वर्षभरात १९६९ची शेव्हरोलेची शेव्हेल मालिबू दारात आली. एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट नाही हां, साधी ३५० क्युबिक इंच इंजिनवाली, व्हीआयएनमध्ये (गाडीच्या ओळख क्रमांकात) बी आहे म्हणजे बाल्टिमोरच्या प्लँटची. तिला मसल कार (दणकट इंजिनाची वेगवान गाडी) म्हणायचं का यावर मी कितीही वेळ भांडू शकतो पण आज विषय तो नाही.

विषय असा की हल्ली दोनतीन जणांनी विचारलं, पुस्तक कुठलं घेऊ. म्हणजे दुकानात मिळतं ते रिस्टोरेशनचं गाईडबुक, रंगीत फोटोवालं, "गाडी अशी सोला, पत्रा असा कापा" छापाचं, की फॅक्टरीच्या असेंब्ली मॅन्युअलचं रीप्रिंट. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही वापरलीत, तेव्हा सांगतो. (सर्व्हिस मॅन्युअल यात धरत नाही, ते लागतंच.)

आधी गाईडबुकचं चांगलं सांगतो कारण पुढे मी त्याच्यावर घसरणार आहे. फॅक्टरीच्या कागदांना एक गोष्ट अजिबात माहीत नसते ती म्हणजे गंज. त्यांच्या हिशोबात गाडी कालच लाईनवरून उतरलीय, प्रत्येक बोल्ट हाताने सुटतो, पत्रा शाबूत आहे. इकडे मिशिगनमध्ये रस्त्यावर मीठ टाकतात, त्यात वापरलेल्या गाडीचं काय होतं ते विचारू नका. मागच्या काचेखालची पन्हळ सडते, तिथून पाणी डिकीत उतरतं, हे मला गाईडबुकने सांगितलं म्हणून मी ट्रिम काढून बघितलं आणि खरंच स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. वेल्डिंग एका दमात ओढू नका, टाका इथे मग टाका तिथे, मध्ये थंड होऊ द्या नाहीतर पत्रा वेडावाकडा होतो, हेही तिथलंच. आणि ऑईल! जुन्या फ्लॅट टॅपेट कॅमला (झडपा उघडणारा दांडा, ज्यावर टॅपेट घासत चालतात) झिंक लागतं आणि आताच्या ऑईलमध्ये ते कमी केलंय, हे १९६९च्या कागदांना कुठून कळणार, तेव्हा ऑईलमध्ये ते भरपूर असायचंच. हा एक सल्ला न वाचता इंजिन पहिल्यांदा चालू केलं असतं तर कॅम गेला असता बहुतेक.

म्हणजे गाडी अजून अख्खी आहे, पहिल्यांदाच हात घालताय, गंज बराच आहे, तर गाईडबुक घ्या, मी नाही म्हणणार नाही. फोटोंकडे मात्र जरा दुरूनच बघा. लेखकाच्या गॅरेजात रोटिसरी असते, अख्खी बॉडी तंदुरीसारखी फिरवतो तो. माझ्या गॅरेजात लॉनमोअर, दोन सायकली आणि वीस पौंडी तांदळाच्या पिशव्या, त्यातून उरलेल्या जागेत शेव्हेल.

आता दुखणं. माझी गाडी मला अख्खी मिळालीच नाही. आधीच्या मालकाने ती खोलली, मग त्याचा उत्साह संपला, मग घटस्फोट की काय ते झालं, आणि माझ्याकडे आली ती बॉडी, फ्रेम आणि चौदा खोके. खोक्यांवर मार्करने "फ्रंट", "मिसलेनियस", "मिसलेनियस २" असं लिहिलेलं. आणि गाईडबुकमध्ये काढण्याचं सगळं दोन दोन पानं रंगवून सांगतात, बसवण्याची वेळ आली की एक ओळ: काढलं त्याच्या उलट क्रमाने बसवा. अहो उलट बसवतो पण सुलट मी बघितलंच नाहीये! ही ओळ मला प्रत्येक धड्याच्या शेवटी भेटायची. बंपरला तीच, डॅशला तीच, हँडब्रेकच्या केबलला तीच. शेवटी शेवटी तर पान उलटायच्या आधीच राग यायचा.

सांगलीला आमच्या गल्लीत एक मेस्त्री होते, ते काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचे, गाडी सहा महिने पडून राहिली तरी कुठला कुठे हा प्रश्नच नाही. माझ्या आधीच्या मालकाला असा मेस्त्री भेटायला हवा होता.

तर "मिसलेनियस २"मध्ये एक बोटाएवढा लोखंडी आकडा होता, दोन्हीकडे वाकवलेला, वर जुन्या अंडरकोटिंगचा थर. दोन महिने मी तो सायलेन्सर टांगायचा समजत होतो, एकदा तर तारेने बांधूनही बघितला. मग असेंब्ली मॅन्युअल आलं, चाळीसेक डॉलरच्या आत, आणि विभाग ५ म्हणजे ब्रेक, तिथे हँडब्रेकच्या केबलचं पान उघडलं तर तोच आकडा, तसाच्या तसा काढलेला, फ्रेममध्ये अडकवलेला आणि त्यातून केबल गेलेली, शेजारी पार्ट नंबर. मी आकडा पुसून चित्रावर ठेवून बघितला. पाच मिनिटांत बसला. त्या दिवसापासून माझं मत बनलं ते बनलं, आता ते न्याय्य आहे का मला माहीत नाही.

मुळात ते मॅन्युअल प्लँटमधल्या लोकांसाठी काढलेलं, तुमच्याआमच्यासाठी नाही. एकेका जोडणीचं सुटं सुटं करून काढलेलं चित्र, कुठला बोल्ट, कुठला वायसर, ब्रॅकेटच्या अलीकडे की पलीकडे. पुढे ऑप्शनचे विभाग वेगळे. याचा एक जादा फायदा म्हणजे १९६९ला एसएस ३९६ हे वेगळं मॉडेल न राहता झेड२५ नावाचं ऑप्शन झालं, त्यामुळे १९६८पर्यंत जे व्हीआयएनवरून कळायचं ते ६९ला कळत नाही आणि मालिबूला एसएसचे बिल्ले लावून विकणारे पुष्कळ. झेड२५ची पानं घेऊन गाडीखाली शिरलात तर काही गोष्टी जुळवता येतात. पक्का पुरावा म्हणाल तर बिल्ड शीट, म्हणजे त्या गाडीत काय काय बसवायचं याचा फॅक्टरीतला कागद, आणि ती पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेली सापडली तर नशीब, माझ्या टाकीवर उंदराचं घरटं होतं.

मॅन्युअललाही शिव्या घालतोच मी, नाही असं नाही. रीप्रिंट म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, बारीक आकडे वाचायला मोबाईलने फोटो काढून मोठा करावा लागतो. दाराच्या काचा, कुलपं हे बघायला फिशर बॉडीचं (जीएम म्हणजे शेव्हरोलेच्या मूळ कंपनीचा बॉडी बनवणारा विभाग) मॅन्युअल वेगळं घ्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्रम नाही. काय कुठे बसतं ते सगळं आहे, कशाच्या आधी काय ते नाही, कारण लाईनवरच्या माणसाला त्याच्या जागेवरचंच काम करायचं होतं. मी मोठ्या हौशीने उजवीकडचं फेंडर आणि आतलं इनर फेंडर लावलं, शिम (मध्ये घालायच्या पातळ चकत्या) मोजून दाराशी फट जुळवली, एक अख्खा रविवार गेला, आणि मग हीटर बॉक्स बसवायला गेलो तर त्याचे नट इनर फेंडरच्या मागे. हात जाईना. परत सगळं सोडवलं. बायको दारात चहा घेऊन उभी, म्हणाली, "हे कालच लावलं होतंस ना?" गाईडबुकमधल्या क्रमाने गेलो असतो तर हे टळलं असतं हे कबूल.

तरी तुम्ही मला गाठून विचारलंत की पैसे एकाच पुस्तकाचे आहेत, तर मी असेंब्ली मॅन्युअल म्हणेन. गंजाचं, वेल्डिंगचं चार ठिकाणी विचारून, व्हिडिओ बघून निभावतं, आमच्याकडे तर रिटायर झालेले काका लोक स्वतःहून येऊन शिकवतात. पण तो आकडा कुठे बसतो हे दुसरं कुणी सांगू शकलं नव्हतं. मस्टँगवाल्यांनो, फोर्डचं असंच असतं पण बॉडी, चेसिस, इलेक्ट्रिकल असे भाग वेगवेगळे, नुसता एक घेऊन भागेलच असं नाही.

आणि वर्ष नीट बघून घ्या. माझ्या खोक्यांत एक मॅन्युअल आलं होतं, मी खूष, तर ते १९६८चं. त्यात किल्लीचं स्विच डॅशवर, ६९ला जीएमने ते स्टिअरिंग कॉलमवर नेलं, वायरिंग कुठलं जुळायला. ते ६८चं अजून पडलंय माझ्याकडे, पानं थोडी तेलकट आहेत पण सगळी आहेत. कुणाची ६८ असेल तर घेऊन जा, पार्सलचे पैसे तेवढे तुमचे.