अ‍ॅक्सेस पास आणि सांकेतिक भाषेचे दुभाषी : अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांतले माझे आठ महिने

मी जन्मापासून कर्णबधिर आहे. शाळा पुण्यात झाली, लग्नानंतर कॅलिफोर्नियात आले आणि इथली सांकेतिक भाषा नव्याने शिकले. भारतात आम्ही इंग्रजी मुळाक्षरे बहुतांशी दोन्ही हातांनी दाखवतो, इथे ती एका हाताने दाखवतात; त्यामुळे पहिले वर्षभर माझा डावा हात सवयीने मध्येच उठत असे. गेल्या मार्चमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा अ‍ॅक्सेस पास काढला आणि नोव्हेंबरपर्यंत पाच उद्यानांत वापरला.

कायमस्वरूपी अपंगत्व असलेल्या अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना हा पास आयुष्यभरासाठी मिळतो आणि २,००० हून अधिक ठिकाणी प्रवेशशुल्क माफ होते. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात गाडीमागे ३५ डॉलर पडतात, ते आमचे वाचले. भारतातून फिरायला आलेल्या आईवडिलांच्या नावे हा पास निघत नाही. मात्र पासधारकाच्या गाडीत बसून तेही आत जाऊ शकतात. पासाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

माझा खरा प्रश्न फाटकाच्या आतला होता. योसेमिटीत कर्णबधिरांसाठीची सेवा १९७९ पासून चालू आहे आणि तो अनुभव तिथे जाणवतो. मी तीन आठवडे आधी ईमेल केला होता. ठरलेल्या सकाळी दुभाषी आमच्याआधी येऊन उभ्या होत्या. रेंजर, म्हणजे उद्यानाचे कर्मचारी, हाफ डोम या अर्ध्या घुमटासारख्या दिसणाऱ्या प्रचंड खडकाविषयी सांगत होते. दुभाषींनी एक तळवा घुमटासारखा वळवला आणि दुसरा हात सुरीसारखा त्याच्या कडेने खाली आणला. खडकातल्या उभ्या भेगांमुळे तो कडा इतका सरळ सुटला आहे, हे मला एका क्षणात कळले. माझ्या ऐकू येणाऱ्या नवऱ्याला तेच शब्दांतून समजायला जरा अधिक वेळ लागला, हे इथे नोंदवून ठेवते.

मात्र दुभाषी असले तरी एक अडचण उरतेच, आणि ती ऐकू येणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. रेंजर “ते पाहा” म्हणून झाडाकडे बोट दाखवतात आणि न थांबता बोलत राहतात. आम्ही झाडाकडे पाहिले तर दुभाषींचे हात निसटतात, आणि हातांकडे पाहिले तर झाड. योसेमिटीतल्या त्या रेंजरना दुभाषींनी सुरुवातीलाच सुचवले असावे, कारण ते आधी दाखवत, थोडे थांबत आणि मगच बोलू लागत. एवढ्याशा थांबण्याने माझा सगळा फेरफटका पदरात पडला. संध्याकाळच्या शेकोटीच्या कार्यक्रमात मात्र ज्वाळा दुभाषींच्या पाठीमागे होत्या, चेहरा आणि बोटे काळोखात होती, आणि शेवटी नवऱ्याने विजेरी धरून अर्धा तास काढला.

माहितीपटांना बहुतेक ठिकाणी कॅप्शन आहेत, परंतु एका उद्यानात ते लावायचे कसे हे काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला ठाऊक नव्हते आणि अर्धा माहितीपट तसाच गेला. आणखी एका ठिकाणी श्रवणयंत्रात थेट आवाज पोचवणारी, गळ्यात घालायची तारेची लूप मागितली, तेव्हा ती खणातून निघाली खरी, पण चार्ज केलेली नव्हती. मला थोडेफार आवाज जाणवतात, म्हणून माझ्या यंत्रात टी-कॉइल, म्हणजे लूपचा संकेत पकडणारे छोटे वेटोळे, आहे. ज्यांच्या यंत्रात ती नसते, त्यांना ही लूप तशीही निरुपयोगी. उद्यान सेवेचे मोबाइल अ‍ॅप मात्र खूपच उपयोगी पडले: माहिती आधीच उतरवून ठेवता येते, त्यामुळे रेंज नसली तरी अडत नाही.

सगळ्यात मोठी उणीव ऐनवेळच्या गोष्टींची आहे. दुभाषी हवे असतील तर बेत आधीच ठरवावा लागतो. शनिवारी सकाळी उठून निघणाऱ्या माणसाला फार तर छापील पत्रक मिळते. शटलमध्ये चालकाने काहीतरी सांगितले, बरेच लोक उतरले, म्हणून आम्हीही उतरलो. पुढचा रस्ता बंद असल्याचे नंतर एका बाईंनी फोनवर टाइप करून दाखवले. फळ्यावर खडूने दोन ओळी लिहायला किती वेळ लागला असता?

तरीही पास जपून ठेवला आहे. मे महिन्यातल्या सहलीसाठी दुभाषींची विनंती पाठवली आहे, आणि या खेपेस ईमेलमध्ये शेकोटीजवळच्या दिव्याचेही आवर्जून लिहिले आहे.