गोठ्यातलं कीटोन मीटर: सोलापूरच्या उन्हात आणि चाराटंचाईत कितपत कामाचं?

माणसांच्या मधुमेहासाठी निघालेलं, रक्ताच्या थेंबावर कीटोन (चरबीपासून यकृतात बनणारे पदार्थ) मोजणारं हे छोटं यंत्र गाईलाही चालतं. बर्लिनच्या संशोधकांनी २००९ मध्येच ते दुभत्या गाईंवर तपासलं होतं. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय व्याल्यावर पहिल्या तीन आठवड्यांसाठी याहून चांगलं साधन गोठ्यात नाही. पण चाराटंचाईत हेच यंत्र फसवतं, आणि सोलापूर जिल्ह्यात हे घेण्याआधी कळलंच पाहिजे.

आधी ते मोजतं काय ते बघा. वैरण पोटात आंबते, त्यातून आम्लं तयार होतात आणि त्यातल्या प्रोपिओनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज बनवतं. लिटरभर दुधाला साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे २० लिटरच्या गाईला रोज जवळपास दीड किलो. खाणं तुटलं की हे आम्ल घटतं, इन्सुलिन उतरतं आणि अंगावरची चरबी सुटून रक्तात येते. यकृताला ती सगळी जाळता येत नाही. काहीचे कीटोन बनतात, काही यकृतातच साचते, कारण चरबी बाहेर धाडायची गाईच्या यकृताची ताकद मुळातच कमी असते. यंत्र यातला बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट नावाचा कीटोन मोजतं. आकडा लिटरला १.२ मिलिमोलच्या वर गेला की सुप्त किटोसिस, म्हणजे कीटोन वाढलेत पण लक्षणं दिसत नाहीत. ३ च्या पुढे गाय पेंड सोडते, रवंथ मंदावते, तोंडाला गोडसर वास येतो.

रक्त शेपटीच्या शिरेतूनच घ्यावं. शेपूट सरळ वर धरा, मुळापासून वीतभर खाली मधली खाच स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटने आकडा बिघडतो. कासेच्या शिरेला हात लावू नका. कास स्वतःच कीटोन वापरते, त्यामुळे तिथे आकडा कमी येतो. थेंब पट्टीच्या टोकाला लावायचा, वरून टाकायचा नाही. दर गाईला नवी सुई, नाहीतर थायलेरियासारखे रक्तातले आजार गोठाभर पसरतील. पहिल्यांदा पशुवैद्यकाकडून करून घ्या, हात बसला की मिनिटाचं काम आहे. वेळही रोज एकच ठेवा, कारण खाल्ल्यावर चार-पाच तासांनी आकडा चढलेला असतो. मुरघास नीट न जमून ब्युटिरिक आम्लाच्या कुजकट वासाचा झाला असेल, तर भरपेट गाईचाही आकडा वर जातो.

खरी अडचण उन्हाची. पट्ट्या साधारण ४ ते ३० अंशांत ठेवायच्या असतात, आणि मे महिन्यात इथे पारा ४२ च्या पुढे जातो. पत्र्याच्या गोठ्यात किंवा मोटारसायकलच्या डिकीत पडलेल्या पट्टीवर भरवसा नको. पट्ट्या घरात थंड जागी ठेवा आणि तपासणी सकाळी उरका. फ्रिजमधून काढलेली पट्टी पाकीट न फोडता आधी बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

लघवीच्या पट्ट्या पुष्कळ स्वस्त. योनीखाली हलक्या हाताने चोळलं की गाय मुतते. पट्टी बुडवून घड्याळ लावून १५ सेकंदांनी रंग बघा. उशीर केला तर रंग गडद होत जातो आणि निरोगी गाय आजारी ठरते. या पट्ट्या वेगळा कीटोन मोजतात, नेमका आकडा देत नाहीत. पाच-सहा गाईंच्या गोठ्याला मात्र त्या पुरेशा आहेत. मीटर दहाच्या पुढच्या गोठ्यालाच परवडतं, कारण खरा खर्च यंत्राचा नाही, पट्ट्यांचा असतो.

आता फसगत कुठे होते ते. महिनोन्‌महिने नुसत्या कडब्यावर आणि उसाच्या वाढ्यावर काढलेल्या गाईच्या अंगावर जाळायला चरबीच उरत नाही. दूध आटलेलं असतं, म्हणून ग्लुकोजची मागणीही कमी. अशा गाईचा आकडा ०.६ येतो आणि मालक निश्चिंत होतो. बरगड्या मोजता येतात, माकडहाडाजवळ खड्डे पडलेत, तरी मीटर म्हणतं सगळं ठीक. इथे हात आणि डोळेच खरे. दूध केंद्राची पावतीही वाचा. व्यालेल्या गाईचं फॅट ३.६ वरून एकदम ४.८ झालं, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) ८.५ च्या खाली गेलं आणि दूधही घटलं, तर दर वाढला म्हणून खूश होऊ नका. ती गाईच्या अंगावरची चरबी आहे.

आकडा १.२ च्या वर आला तर प्रोपिलीन ग्लायकॉल (यकृत ज्यापासून ग्लुकोज बनवतं ते पातळ औषध) ३०० मिलि रोज एकदा, पाच दिवस. मान फार उंच न करता सावकाश पाजा, नाहीतर फुफ्फुसात जातं. गूळ पाजण्यावर विसंबू नका. तो पोटातच आंबतो, त्यातून बरंच ब्युटिरिक आम्ल बनतं आणि तेच पुढे कीटोन होतं. दोन दिवसांत आकडा उतरला नाही तर मूळ दुखणं शोधायला पशुवैद्यकाला बोलवा: चौथं पोट सरकणं, गर्भाशयाचा दाह, खाण्यातून गेलेली तार पोटात टोचणं. हे मीटर सांगत नाही. आणि उपाशी राहिलेल्या गाईसमोर पेंडीची पाटी एकदम ठेवू नका, पोट आंबट होऊन ती बसेल. आधी पाणी आणि कडबा, मग पेंड आठवडा-दहा दिवसांत थोडी थोडी वाढवत न्या.