हातात मावणारे रक्तवायू यंत्र: नवजात अतिदक्षता विभागातील आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या नवजात अतिदक्षता विभागात हे यंत्र येऊन आठ महिने झाले. पूर्वी नमुना खालच्या मजल्यावरील प्रयोगशाळेत पाठवावा लागे आणि निकाल हाती येईपर्यंत अर्धा तास सहज जाई. आता एका कार्ट्रिजमध्ये जेमतेम 0.1 मिलिलिटर रक्त घातले की काही मिनिटांत पीएच (रक्त किती आम्लधर्मी आहे याचे माप), कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट (आम्लता सावरणारा घटक) समोर दिसतात. एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून 80 ते 90 मिलिलिटर रक्त असते, त्यामुळे दिवसातून तीन-चार वेळा तपासणी करावी लागणाऱ्या बाळासाठी ही बचत फार मोलाची आहे.

वेळेचा खरा उपयोग झाला तो जन्मतः न रडलेल्या बाळांना. मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या बाळाचे शरीर थंड ठेवण्याचा उपचार 6 तासांच्या आत सुरू करावा लागतो, आणि नाळेतील किंवा पहिल्या तासातील रक्ताचा पीएच 7.0 वा त्याहून कमी असणे, अथवा बेस डेफिसिट (आम्ल निष्प्रभ करणारे घटक किती कमी पडले याचे माप) 16 वा अधिक असणे, हा त्या निर्णयाचा एक मुख्य आधार असतो.

याच बेस डेफिसिटने आम्हाला पहिले दोन महिने गोंधळात टाकले. हा आकडा मोजला जात नाही, गणिताने काढला जातो. आमचे यंत्र तो पेशीबाह्य द्रवासाठी काढते, तर प्रयोगशाळेतील यंत्र रक्तासाठी काढत होते. कार्बन डायऑक्साइड वाढलेला असला की दोन उत्तरांमधील अंतरही वाढते. पीएच 7.0, कार्बन डायऑक्साइड 80 आणि हिमोग्लोबिन 16 असताना पहिल्या सूत्राने उत्तर 12 च्या किंचित खाली येते, दुसऱ्याने 13 च्या वर जाते. विक्रेत्याच्या प्रशिक्षणात याचा उल्लेखही झाला नाही, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. आता प्रत्येक नोंदीत आकड्याशेजारी सूत्रही लिहिले जाते.

हेमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) हे यंत्र रक्ताच्या विद्युतवाहकतेवरून ठरवते, आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांत प्रथिने कमी असल्यामुळे तो प्रत्यक्षाहून कमी दिसतो. केवळ त्या आकड्यावरून आम्ही रक्त चढवत नाही. टाचेतून घेतलेल्या नमुन्यातील प्राणवायूचा आकडाही उपचारासाठी धरत नाही. पीएच आणि कार्बन डायऑक्साइड मात्र, टाच आधी नीट शेकून घेतली आणि नमुन्यात हवेचा बुडबुडा राहू दिला नाही, तर भरवशाचे मिळतात.

खर्च कार्ट्रिजचा आहे. ती फ्रिजमध्ये ठेवावी लागतात आणि वापरण्यापूर्वी खोलीच्या तापमानाला आणावी लागतात. घाईत हे विसरून काही वाया गेली. शिवाय भोवतालचे तापमान 30 अंशांच्या वर गेले की यंत्र चाचणीच करत नाही. म्हणून एप्रिलपासून आम्ही ते प्रसूतिकक्षात नेणे थांबवले असून, दोन्ही टोकांना चिमटे लावलेला नाळेचा तुकडाच वर मागवतो, कारण त्यातील रक्त तासभर तपासणीयोग्य राहते. धमनी आणि शीर या दोन्हींतून नमुने घेतो. त्यांच्या पीएचमध्ये किमान 0.02 चा फरक दिसला नाही, तर दोन्ही नमुने एकाच रक्तवाहिनीतून आले असावेत असे समजून पुन्हा घेतो.