कोहासाठी डेबियन १२ चा सर्व्हर: वर्षभराचा अनुभव आणि साडेपाच तासांचा फरक

'सर्व्हर रोज ठरावीक वेळीच का अडकतो' या प्रश्नावर सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या सपोर्टकडून पुन्हा एकदा 'मोठा प्लॅन घ्या' एवढंच उत्तर आलं, तेव्हाच ठरवलं की हे सविस्तर लिहायचं. कोहा, म्हणजे ग्रंथालयाची देवघेव आणि पुस्तकांची सूची सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर, कसं इन्स्टॉल करायचं ते इथे सांगत नाही, ती माहिती भरपूर आहे. त्याच्या आधी सर्व्हरवर काय तयार असायला हवं, आणि ते नसलं की वर्षभरात काय भोगावं लागतं, त्याबद्दल हे लिहितोय.

आमचं तालुक्याच्या गावचं 'ब' वर्गाचं सार्वजनिक ग्रंथालय. पुस्तकं बहुतेक सगळी मराठी. पैसा येतो तो सभासदांच्या वर्गणीतून आणि सरकारी अनुदानातून, तोही वेळेवर येईलच असं नाही. त्यामुळे सर्व्हर साधाच घेतला: २ जीबी मेमरीचा व्हीपीएस (मोठ्या मशीनमधला भाड्याचा आभासी सर्व्हर), त्यावर डेबियन १२ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम, आणि कोहा २४.११. सर्व्हरकडे मी बघतो, बाकी सगळं ग्रंथपाल मॅडम.

सुरुवातीचे काही महिने तक्रारीला जागा नव्हती. मग सकाळचं सत्र संपता संपता देवघेवीचा स्क्रीन अडकायला लागला. आमचं सत्र बाराला संपतं आणि शेवटच्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त गर्दी असते. नोकरदार, निवृत्त मंडळी, शाळेतून येणारी मुलं, सगळे एकदमच. नेमकं तेव्हाच बारकोड मारला की गोल चक्र फिरत राहायचं. एके दिवशी मॅडम नव्या पुस्तकांच्या नोंदी एकगठ्ठा आयात करत होत्या आणि सगळंच बंद पडलं. मारियाडीबी, म्हणजे कोहाचा डेटाबेस, मेलं होतं. सिस्टिमच्या लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं: मेमरी संपली, म्हणून कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) डेटाबेसची प्रोसेस मारली. कर्नल अशा वेळी साधारणपणे सर्वांत जास्त मेमरी खाणाऱ्यावर हात टाकतो आणि तो बहुधा डेटाबेसच निघतो. त्या दिवशी मॅडमनी वहीत हाताने देवघेव लिहिली आणि संध्याकाळी बसून सगळी चढवली. त्यांच्या त्या दोन तासांचा मला अजून राग आहे.

सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं की मेमरी पूर्ण वापरली जाते आहे, ४ जीबीचा प्लॅन घ्या. भाडं दुप्पट. मी विचारलं, रोज ठरावीक वेळीच का? उत्तर तेच. तुमच्या इमेजमध्ये (सर्व्हरवर आधीच बसवून दिलेल्या सिस्टिममध्ये) स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) का नाही, असं विचारलं, तरी उत्तर तेच. दुप्पट भाड्यात वर्षाला किती पुस्तकं येतात याचा हिशेब माझ्या डोक्यात पक्का आहे, त्यामुळे प्लॅन बदलणार नव्हतोच.

स्वॅपचं खरंच आश्चर्य वाटलं. ही तयार इमेज बिनस्वॅपची होती, आणि इतर ठिकाणीही असंच आढळतं. कोहा म्हणजे एकटं अपाची हे वेबसर्व्हर आणि डेटाबेस नव्हे. कोहाची पानं तयार करणाऱ्या प्लॅकचे दोन वर्कर डीफॉल्टनेच चालू असतात आणि पर्ल असल्यामुळे प्रत्येक जण शंभर एमबीच्या बराच वर जातो. शोधाचं काम करणारं झेब्रा आणि त्याचा इंडेक्सर, तात्पुरता साठा ठेवणारं मेमकॅश, कामांची रांग सांभाळणारं रॅबिटएमक्यू, पार्श्वभूमीतल्या कामांचे वर्कर, हे सगळे त्याच २ जीबीत. २ जीबीची स्वॅप फाइल बनवली, तिची परवानगी ६०० केली, एफएसटॅबमध्ये ओळ टाकली म्हणजे रिबूटनंतरही ती लागते, आणि स्वॅपिनेस ६० वरून १० वर आणलं, म्हणजे स्वॅप गरजेपुरताच वापरला जातो. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. त्यानंतर मारियाडीबी एकदाही मेलं नाही. तेव्हा मी मनात निष्कर्ष काढला होता की स्वॅप हीच एकमेव उणीव होती, आणि हा अनुभव तेव्हाच लिहिला असता तर शीर्षकातही स्वॅपच आला असता.

पण बाराच्या आधीचं अडकणं गेलं नाही. मरत नव्हतं, फक्त मंद व्हायचं.

मत बदललं ते लॉग पुन्हा वाचताना. डेटाबेस मेल्याची वेळ लॉगमध्ये ०६:२६ होती. ग्रंथालयाच्या भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा ११:५६ झाले होते. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, चालत होता! तयार इमेज यूटीसीवरच येतात, आणि जगभर सर्व्हर असलेल्या कंपनीला ते सोयीचंही आहे. आमचं मात्र सगळं काम एकाच गावात, भारतीय वेळेनुसार चालतं. डेबियनमध्ये रोजची कामं सकाळी ६:२५ ला सुटतात, ही वेळ क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या सेवेच्या) मूळ फाइलमध्येच लिहिलेली आहे. त्यात साडेपाच तास मिळवा: ११:५५. म्हणजे कोहाच्या पॅकेजने क्रॉन-डेली फोल्डरमध्ये ठेवलेलं सगळं काम, पूर्ण डेटाबेसचा बॅकअप, मुदत उलटलेल्या पुस्तकांच्या सूचना, दंडाची आकारणी, जुन्या नोंदींची साफसफाई, हे रोज आमच्या सर्वाधिक गर्दीच्या पाच मिनिटांत सुरू होत होतं. पहाटे सगळं शांत असताना व्हावं म्हणून ठेवलेलं काम भर देवघेवीत!

या एका गोष्टीवर मी इतका जोर देतोय याचं कारण मंदपणा नाही, तो तर वेळ बदलली की जातो. खरं कारण आहे डेटा. देवघेवीच्या इतिहासात सभासदांनी पहाटे ४:४५ ला पुस्तकं नेल्याच्या नोंदी आहेत. प्रत्यक्षात तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते. आम्ही पावती छापत नाही, मुदतीची फक्त तारीख सांगतो, म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या नजरेला आलं नाही. कोहा पुस्तक दिल्याची वेळ डेटाबेसमध्ये डेटटाइम प्रकारच्या रकान्यात ठेवतं आणि या प्रकारात वेळ जशी मिळाली तशीच लिहिली जाते. सर्व्हरचं घड्याळ नंतर सुधारलं तरी आधीच्या नोंदी आपोआप पुढे सरकत नाहीत. कोणत्या तासाला किती देवघेव होते याचा तक्ता काढून कार्यकारिणीपुढे ठेवायचा होता, म्हणजे संध्याकाळच्या सत्राची वेळ वाढवायची की नाही हे ठरलं असतं. जुन्या महिन्यांसाठी तो तक्ता आता रिपोर्टमध्ये साडेपाच तास मिळवून काढावा लागतो, आणि बदल केलेल्या तारखेच्या अलीकडे एक नियम, पलीकडे दुसरा. दर अहवालात हे लक्षात ठेवायचं. इन्स्टॉल करण्याआधी एक ओळ लिहिली असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

ती ओळ: टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता. कोरा सर्व्हर हातात आल्यावर पहिली हीच, अपडेटच्याही आधी. ज्यांचं कोहा आधीच चालू आहे त्यांनी ही ओळ दिल्यावर सर्व्हर सरळ रिबूट करावा, कारण क्रॉन, मारियाडीबी आणि प्लॅक या तिघांनीही वेळेचा विभाग सुरू होतानाच वाचलेला असतो. एकेक सेवा रीस्टार्ट करत बसण्यात एखादी राहून जाते. आणि बदलाची तारीख-वेळ कुठेतरी लिहून ठेवा. आम्ही दाखल नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहिली आहे.

कोहा लिहिलं गेलं तेच मुळात तारखेच्या धास्तीने. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० साल पेलणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये हे नवं सॉफ्टवेअर बनलं आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलं. इतकी वर्षं ते टिकलं आणि आज आमच्यासारख्या ग्रंथालयाला एक पैसाही न देता मिळतं, याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. म्हणूनच त्याच्या इन्स्टॉलच्या पायऱ्यांमध्ये वेळेच्या विभागाला पहिलं स्थान मिळावं असं तळमळीने वाटतं.

बाकीची तयारी थोडक्यात. कोहाची रिपॉझिटरी (पॅकेजचा ऑनलाइन साठा) जोडताना 'स्टेबल' लिहू नका, आवृत्तीचा आकडा लिहा. कोहाची नवी मोठी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते आणि 'स्टेबल' हे नाव पुढे सरकत जातं. साधं अपग्रेड करायला जाल आणि मोठ्या आवृत्तीची उडी पडेल. डेबियनवर यूएफडब्ल्यू हे फायरवॉलचं साधन आधीपासून नसतं, ते टाकून २२, ८० आणि ४४३ एवढेच पोर्ट उघडे ठेवा. २२ उघडल्यावरच फायरवॉल चालू करा. ओपॅक (वाचकांसाठीची ऑनलाइन सूची) आणि कर्मचाऱ्यांचा भाग यांना दोन वेगळी उपनावं (सबडोमेन) द्या, डीएनएसच्या (नावावरून सर्व्हर शोधणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदी आदल्या दिवशीच करून ठेवा आणि मगच वेबसाइटचं सुरक्षा-प्रमाणपत्र आणणारं सर्टबॉट चालवा. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि मुदत संपत आल्याची ईमेल जून २०२५ पासून येणं बंद झालंय, तेव्हा नूतनीकरणाचा टायमर खरंच चालू आहे ना, हे स्वतः बघा.

आता ज्या गोष्टीने खरा आनंद दिला ती: मराठीतला शोध. झेब्रा मुळात रोमन अक्षरांच्या तक्त्यांवर बेतलेलं असतं. ते तसंच ठेवलं तर देवनागरीतल्या शोधाचा भरवसा राहत नाही, पुस्तक कपाटात असतं आणि ओपॅक म्हणतं सापडलं नाही. उपाय कोहाच्या सोबतच येतो, फक्त चालू करावा लागतो. झेब्राच्या सेटिंगमधल्या डीफॉल्ट-आयडीएक्स या फाइलमध्ये जुन्या तक्त्यांच्या ओळींऐवजी आयसीयूच्या (वेगवेगळ्या लिप्या समजणाऱ्या संचाच्या) ओळी टाकायच्या. पहिलं पुस्तक नोंदवण्याआधी केलं तर पुन्हा काही करावं लागत नाही. नंतर केलं तर संपूर्ण इंडेक्स नव्याने बांधावा लागतो, आणि लहान मेमरीच्या सर्व्हरवर ते काम जड जातं. हे केल्यापासून 'ज्ञानेश्वरी', 'श्रीमान', 'अंधश्रद्धा' अशी जोडाक्षरांची नावं नीट सापडतात. एक आजोबा दर शनिवारी येतात, ते आता घरूनच मोबाइलवर पुस्तक आहे का बघून निघतात. मला या सगळ्या खटाटोपात यापेक्षा मोठी पावती नको.

एक सावधगिरी: कोहा अपग्रेड होताना ही फाइल बदललेली दिसली की डेबियन विचारतं, तुमची ठेवू की पॅकेजमधली नवी घेऊ? तुमचीच ठेवा. घाईत नवी घेतली तर पुढच्या इंडेक्सपासून मराठी शोध गुपचूप बिघडेल आणि कारण शोधायला आठवडा जाईल.

डेबियनबद्दल माझं मत वर्षभरात चांगलंच होत गेलं. उबंटू घेतलं असतं तरी चाललं असतं, पण इथे सुरक्षेची अपडेट मुकाट्याने येतात, मध्येच काही बदलत नाही. डेबियन १३ हे ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, तरी मी घाई करणार नाही. १२ ला दीर्घकालीन सहाय्य जून २०२८ पर्यंत आहे. सर्व्हर कंपनीबद्दलचं मत मात्र सुधारलं नाही. मशीन त्यांचं ठीक चालतं, जाळंही वेगवान आहे, पण 'रोज याच वेळी का' या प्रश्नावर लॉगची एक ओळ वाचायची तसदी कुणी घेतली नाही. भाडं जुनंच देतोय, मेमरी २ जीबीच आहे, बॅकअप आता पहाटे होतो.

राहिलेलं काम एकच: ओपॅकवर रोबो फार यायला लागलेत, शोधाचे दुवे एकामागून एक उघडत बसतात आणि त्याचा भार प्लॅकवर येतो. त्यांना अडवायचं काम सोमवारी ग्रंथालय बंद असताना करणार आहे. कुणी २ जीबीच्या सर्व्हरवर हे नीट जमवलं असेल तर कोणत्या सेटिंगने जमलं ते जरूर लिहा.