वळवाच्या ढगासाठी कोणता उपग्रह: इन्सॅट की ध्रुवीय?

खानापूर-बेळगाव भागात एप्रिल-मे महिन्यांत ढग दोन तासांत उभा राहतो आणि झोडपून जातो. त्याच्यावर नजर ठेवायची तर भारताचा हवामान उपग्रह इन्सॅट-३डीआरच. ३६ हजार किलोमीटरवर, ७४ अंश पूर्व रेखांशावर तो स्थिर असतो. बेळगाव साडेचौऱ्याहत्तरवर, म्हणजे जवळपास त्याच रेषेत. दर अर्ध्या तासाने नवे चित्र मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डीएसची चित्रेही जोडीला बघावीत. दृश्य चित्र १ किलोमीटर बारकाव्याचे, पण रात्री निरुपयोगी. तेव्हा ४ किलोमीटरचे अवरक्त, म्हणजे ढगमाथ्याचे तापमान दाखवणारे चित्र उघडा. ढगमाथा उणे ६० अंशांखाली गेला, की गडगडाटी ढग पक्का. चित्रावरच्या यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेत साडेपाच तास मिळवा, इथेच बहुतेकांची चूक होते. शिवाय उपग्रह दक्षिणेकडून पाहतो, त्यामुळे १५ किलोमीटर उंच माथा सुमारे ५ किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो.

अमेरिकेच्या नोआ-२० सारखा ध्रुवीय, म्हणजे दोन्ही ध्रुवांवरून फिरणारा उपग्रह सव्वाआठशे किलोमीटरवरून ३७५ मीटरपर्यंतचा तपशील देतो, पण साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारासच. वळवाला तो कुचकामी.

जुलैत मात्र पारडे फिरते. खानापूरच्या घाटभागातल्या कणकुंबी-जांबोटीचा पाऊस बुटक्या, उबदार माथ्याच्या ढगांतून कोसळतो. अवरक्त चित्र त्याला किरकोळ समजते. ध्रुवीय उपग्रहाचे सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) उपकरण ढगाच्या आत पाहते. तरी घाटातल्या पावसाचा खरा आकडा पर्जन्यमापकावरूनच घ्यावा.