बेटावर उतरण्याआधीचे शंभर दिवस : 'वॉर इन द पॅसिफिक – अ‍ॅडमिरल्स एडिशन'

पॅसिफिक महासागरातलं तारावा बेट मी दोनदा घ्यायला गेले. पहिल्या वेळी निम्मी फौज गमावून परतले. दुसऱ्या वेळी दोन दिवसांत बेट हातात आलं, आणि तेव्हा तर समोरची तटबंदी आधीपेक्षा भक्कम होती. किनाऱ्यावर मी काही वेगळं केलं नव्हतं, वेगळे होते ते उतरण्याआधीचे महिने. गेली अडीच वर्षं मी हा संगणकावरचा युद्धाचा गेम खेळते आहे. यातली बेटं कशी घ्यायची, असं कुणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगते.

गेम नवा नाही. गॅरी ग्रिग्सबी यांचा मूळ 'वॉर इन द पॅसिफिक' २००४चा, आणि ही सुधारित, वाढवलेली आवृत्ती २००९ची. डिसेंबर १९४१पासूनचं पॅसिफिकमधलं सगळं युद्ध यात आहे. एक चाल म्हणजे एक दिवस, नकाशावरचा एक षटकोन म्हणजे ४० सागरी मैल. प्रत्येक जहाज वेगळं मोजलेलं आहे, प्रत्येक वैमानिक नावानिशी नोंदलेला आहे. संगणकाविरुद्ध खेळता येतं, पण मी एका माणसाविरुद्ध ईमेलने खेळते. तो जपानच्या बाजूने, मी दोस्त राष्ट्रांच्या. दिवसाला एक चाल होते.

पहिला हल्ला खेळातल्या सप्टेंबर १९४२मधला. तारावावर एकच नौदली तुकडी आणि थोडे बांधकाम मजूर दिसत होते. माझी मरीन रेजिमेंट जवळच रिकामी बसलेली, मालवाहू जहाजंही हाताशी होती. वाटलं, आत्ता नाही तर कधी? पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी लढाईचा अहवाल उघडला. या गेममध्ये प्रत्येक जमिनीवरच्या लढाईनंतर असा मजकूर येतो आणि तो ओळ न ओळ वाचावा, कारण आपण कुठे चुकलो ते त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. प्रमाण, म्हणजे माझं बळ बचावाच्या बळाशी, १ ला ३, तटबंदीची पातळी ४. खाली बचाव करणाऱ्याच्या नावापुढे : भूप्रदेश अधिक, तटबंदी अधिक. माझ्या नावापुढे : विस्कळीतपणा उणे, पूर्वतयारी उणे, थकवा उणे. तीन वजाबाक्या, आणि तिन्ही मीच सोबत नेलेल्या.

त्यातली 'पूर्वतयारी' ही या गेममधली सगळ्यात मोलाची गोष्ट, आणि नव्या खेळाडूच्या ती सहसा नजरेतच येत नाही. प्रत्येक पलटणीला पुढचं लक्ष्य नेमून देता येतं. नेमल्या दिवसापासून तिचा आकडा शून्यापासून चढायला लागतो, साधारण दिवसाला एक, शंभरापर्यंत. त्याच लक्ष्यासाठी वरचं मुख्यालयही तयारी करत असेल तर चढण्याचा वेग वाढतो. लक्ष्य बदललं की आकडा पुन्हा शून्यावर. माझी रेजिमेंट गेली तेव्हा तिचा आकडा २३ होता. माणसं तीच, बंदुका त्याच, पण कुठल्या पुळणीवर उतरायचं, पहिली चौकी कुठली, कुणाच्या मागे कुणी जायचं हे त्यांनी घोटलेलंच नव्हतं. गेम हे सगळं एका आकड्यात बसवतो, आणि तो आकडा कमी असला तर दयामाया दाखवत नाही.

शिवाय तारावा म्हणजे अ‍ॅटॉल, कंकणद्वीप, प्रवाळाचं बांगडीसारखं चिंचोळं बेट. इथे उतरलेली फौज त्याच दिवशी आपोआप निकराचा हल्ला चढवते. मोठ्या बेटावर आधी उतरावं, दोनचार दिवस जमवाजमव करावी, मग पुढे सरकावं, हे चालतं. कंकणद्वीपावर तेवढी जमीनच नसते. त्यामुळे पहिल्या दिवशी जितके किनाऱ्याला लागले तितकेच लढणार. मी साधी मालवाहू जहाजं वापरली होती, माणसं हळूहळू उतरत होती आणि किनाऱ्यावरच्या तोफा जहाजांवर मारा करत होत्या. अर्धी रेजिमेंट अजून समुद्रात असताना उरलेली अर्धी भिंतीवर डोकं आपटत होती.

खऱ्या युद्धात जपान्यांनाही अमेरिकनांच्या वेक बेटावर हेच भोगावं लागलं होतं. ११ डिसेंबर १९४१ला त्यांचं आक्रमण आलं. किनाऱ्यावरच्या तोफांनी 'हायाते' ही विनाशिका बुडवली, उरलेल्या मूठभर लढाऊ विमानांनी 'किसारागी' बुडवली, आणि ताफा मागे फिरला. बारा दिवसांनी, २३ डिसेंबरला, ते पुन्हा आले. या वेळी सोबत 'सोर्यू' आणि 'हिर्यू' या दोन विमानवाहू नौका होत्या. बेट पडलं.

दुसऱ्या हल्ल्याआधी मी एक वही केली. पहिल्या पानावर फक्त तारीख आणि पूर्वतयारीचे आकडे. दोन मरीन रेजिमेंट, एक रणगाड्यांची बटालियन, एक लढाऊ इंजिनिअरांची, आणि पाचवं उभयचर कोर मुख्यालय. सगळ्यांचं लक्ष्य तारावा. रोज एक चाल म्हटल्यावर शंभर गाठायला माझ्या खऱ्या आयुष्यातले महिने जाणार होते. मध्येच प्रतिस्पर्ध्याने जवळच्या माकिन बेटावरची शिबंदी कमी केली तेव्हा लक्ष्य तिकडे वळवायचा फार मोह झाला. वळवलं नाही. आकडा तेव्हा ५८ होता, आणि तो शून्यावर गेलेला पाहण्याची माझी तयारी नव्हती.

त्या महिन्यांत बाकीची कामं झाली. एलिस बेटांमधल्या फुनाफुतीवर मी धावपट्टी वाढवली. तिथून तारावा सुमारे ७०० सागरी मैल, म्हणजे सतरा-अठरा षटकोन. चार इंजिनांची लिबरेटर बॉम्बफेकी विमानं हे अंतर गाठतात. १९४३मध्ये अमेरिकनांनीही याच बेटांवरून तारावावर विमानं पाठवली होती. बॉम्बफेकीने तटबंदी पडत नाही, पण धावपट्टी निकामी राहते, साठवलेली रसद जळते, आणि तिथल्या माणसांना कधी पुरती विश्रांती मिळत नाही.

टेहळणीबद्दल एक गोष्ट खास सांगते, कारण ती मला फार उशिरा सुचली. ज्या बेटावर जायचंय त्याच्यावरच रोज टेहळणी विमान पाठवलं तर समोरचा माणूस ते बघतो आणि ओळखतो. मी तारावा, माकिन आणि नाउरू या तिन्हींवर सारखीच विमानं पाठवत राहिले. त्याने कुमक नाउरूला नेली. संगणकाविरुद्ध खेळताना याचा किती उपयोग होतो माहीत नाही, माणसाविरुद्ध नक्की होतो.

मग जहाजं. १९४३च्या पुढे साध्या वाहतूक जहाजांचं आक्रमण-वाहतूक जहाजांत रूपांतर करता येतं, आणि किनाऱ्याला थेट लागणारी एलएसटी जहाजंही येतात. यांच्यावरून माणसं पटापट उतरतात. मुख्यालयासाठीचं खास कमांड जहाज ताफ्यात असेल तर उतरताना होणारी विस्कळ कमी होते. यासाठी थांबण्यात काही कमीपणा नाही. ताफा बांधताना मी तीन गोष्टी पाळते. एक अख्खी पलटण एकाच ताफ्यात घालायची, तिचे तुकडे दोन ताफ्यांत विखरू द्यायचे नाहीत. पुढे पाणसुरुंग काढणारी जहाजं हवीतच. आणि उतरवणाऱ्या ताफ्यातच दोन जुन्या युद्धनौका आणि एखादी क्रूझर ठेवायची, म्हणजे किनाऱ्यावरच्या तोफांना उत्तर द्यायला कुणी असतं आणि त्यांचे गोळे पातळ पत्र्याच्या वाहतूक जहाजांऐवजी चिलखती नौकांवर पडतात.

तोफमारा करणारा ताफा वेगळा. तो मी आदल्या दोन रात्री पाठवला. विमानवाहू नौका दोन षटकोन मागे, कारण आपण बेटाशी गुंतलेले असताना समोरचा आरमार घेऊन येतो, हे गृहीतच धरायला हवं.

आणि किती माणसं न्यायची यालाही मर्यादा आहे. लहान बेटावर ठरावीक संख्येपेक्षा जास्त फौज उतरवली की रसद झपाट्याने संपते आणि थकवा वाढतो. म्हणून मी तिसरी रेजिमेंट नेली नाही. तिच्याऐवजी इंजिनिअर नेले, कारण तटबंदीची पातळी खाली आणतात ते हेच लोक.

पहिल्या दिवसाचा अहवाल : प्रमाण १ ला १, तटबंदी ५वरून ३वर. माझ्या नावापुढे 'पूर्वतयारी उणे' ही ओळ नव्हती. ती नाही हे बघून मी खुर्चीतून उठले, पाणी पिऊन आले आणि अहवाल पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी प्रमाण ४ ला १, आणि बेट माझं.

आता खऱ्या तारावाबद्दल, कारण गेममध्ये न मावलेली गोष्ट तिथेच आहे. २० नोव्हेंबर १९४३ला दुसरी मरीन डिव्हिजन तारावातल्या बेतिओ या बेटावर उतरली. हे बेट जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटर लांबीचं. लढाई ७६ तास चालली, सुमारे एक हजार अमेरिकन मेले आणि साडेचार हजारांच्या आसपास असलेल्या शिबंदीतले फार थोडे जिवंत राहिले. त्या दिवशी भरतीचं पाणी पुरेसं चढलंच नाही. होड्या प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या आणि माणसांना काहीशे मीटर पाण्यातून चालत, गोळ्या झेलत जावं लागलं. साखळीपट्ट्यांवर चालणारी एलव्हीटी वाहनं तेवढी कडा ओलांडून गेली. ती होती १२५. दिवसाची एक चाल आणि ४० मैलांचा षटकोन, यात भरती-ओहोटीला जागा नाही. ते मला समजतं, तरी तारावावर क्लिक करताना दर वेळी ते पाणी आठवतं.

काही बेटं मात्र घ्यायचीच नसतात. राबाउल या जपानच्या मोठ्या तळावर जवळपास एक लाख जपानी होते. दोस्तांनी आजूबाजूचे तळ घेतले, विमानांनी ते निकामी केलं आणि पुढे निघून गेले. ती फौज युद्ध संपेपर्यंत तिथेच अडकून पडली. गेममध्येही हे तंतोतंत चालतं. प्रत्येक तळावर धावपट्टी आता किती आहे आणि किती वाढू शकते ते दिसतं. ज्या बेटावर धावपट्टी वाढत नाही आणि जे पुढच्या वाटेत आडवं येत नाही, त्याच्यासाठी शंभर दिवस घालवू नका. माझ्या वहीत खोडलेल्या बेटांची यादी घेतलेल्या बेटांच्या यादीपेक्षा मोठी आहे.

गेम म्हणून बोलायचं तर हा सगळ्यांसाठी नाही. पडद्यावरची अक्षरं बारीक आहेत, पुस्तिका जाडजूड आहे, आणि मोठ्या मोहिमेची पहिली चाल नीट लावायला मला अख्खा आठवडा लागला. रसदवाहू ताफे लावण्यात फार क्लिक जातात, तिथे आणखी सोपेपणा हवा होता असं मला मनापासून वाटतं. चित्रं साधी, आवाज त्याहून साधे. ज्यांना तासाभरात निकाल हवा असतो त्यांनी दुसरं काही बघावं. घेणार असाल तर मोठ्या मोहिमेला हात लावू नका. 'कोरल सी'चा छोटा प्रसंग आहे, त्यात ताफे आणि विमानवाहू नौका कशा हलतात ते कळतं. मग 'ग्वादलकनाल' घ्या, उतरणं, रसद पोहोचवणं आणि धावपट्टी राखणं यांची चांगली सवय तिथे होते.

पण ज्याला नकाशासमोर बसून एका बेटाचा तीन महिने विचार करायला आवडतं, त्याला यासारखा दुसरा गेम मला ठाऊक नाही. पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो त्या रसदवाहू ताफ्यांसाठी.

सध्या आमच्या खेळात जानेवारी १९४४ चालू आहे. लक्ष्य मार्शल बेटांमधलं क्वाजालीन. काल रात्री प्रतिस्पर्ध्याची चाल आली तेव्हा सातव्या पायदळ डिव्हिजनचा आकडा ७१ होता. त्याने तिथल्याच वोत्जे बेटावर कुमक उतरवायला सुरुवात केली आहे. टेहळणी विमानं मी वोत्जेवर, जालुइतवर आणि क्वाजालीनवर सारखीच पाठवते आहे.